समुद्र ओलांडता येत नाही, तरी जगभर कसा पोहोचला? गोड्या पाण्यातल्या चपट्या कृमीची गोष्ट

ओढ्यातला किंवा झऱ्यातला दगड उलटा केला, की कधीकधी त्याच्या खालच्या बाजूला करड्या-तपकिरी रंगाचा, जेमतेम एक-दीड सेंटीमीटर लांबीचा प्राणी चिकटलेला दिसतो. पहिल्या नजरेला जळूचं पिल्लू वाटतं. पण जळू अंग आकसत-ताणत चालते आणि हा मात्र दगडावरून नुसता घसरत जातो. भिंगातून पाहिलं तर बाणाच्या टोकासारखं तिकोनी डोकं आणि त्यावर तिरळे वाटणारे दोन डोळे दिसतात. याचं नाव प्लॅनेरिया.

दहावीच्या विज्ञानात प्राण्यांचं वर्गीकरण शिकताना 'चपटे कृमी' हा संघ येतो, तिथे आपली आणि याची पहिली भेट होते. पुढे त्याच्याबद्दल एकच गोष्ट लक्षात राहते. याचे तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यातून नवा प्राणी तयार होतो.

पण या प्राण्याबद्दल तितकाच चक्रावून टाकणारा दुसरा प्रश्न आहे, तो म्हणजे हा जगभर पोहोचला कसा?

कारण खारं पाणी याला सोसत नाही. ऊन लागलं, अंग कोरडं पडलं की तो काही वेळात मरतो. याला पंख नाहीत, पाय नाहीत आणि वाऱ्यावर उडून जाईल असं बीही नाही. तरीही अंटार्क्टिका सोडली तर प्रत्येक खंडावर गोड्या पाण्यातले प्लॅनेरिया सापडतात. आफ्रिकेत आहेत, भारतात आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत आणि समुद्राने वेढलेल्या क्रीट आणि सार्डिनियासारख्या बेटांवरही आहेत.

या प्रश्नाचं उत्तर शोधताना शास्त्रज्ञांच्या हाती पृथ्वीच्या भूगोलाचा एक जुना दस्तऐवज लागला. तो कसा वाचतात, ते समजून घेऊ.

आधी ओळख: चपटे कृमी म्हणजे कोण?

चपटे कृमी म्हटलं की आपल्याला पोटातला टेपवर्म किंवा गुराढोरांच्या यकृतातला लिव्हरफ्ल्यूक आठवतो. ते परजीवी आहेत. या संघातल्या परजीवींची मोठी घराणी एकाच फांदीवर येतात. बाकीचे चपटे कृमी स्वतंत्र जगतात, कुणी समुद्रात, कुणी गोड्या पाण्यात, तर कुणी ओलसर जमिनीवर.

यांना फुप्फुसं नसतात, कल्ले नसतात, रक्तही नसतं. प्राणवायू थेट कातडीतून आत झिरपतो. म्हणूनच शरीर चपटं असावं लागतं. ते जाडजूड झालं तर आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोहोचणारच नाही.

प्लॅनेरिया ज्या गणात येतात त्याचं शास्त्रीय नाव ट्रायक्लॅडिडा, म्हणजे तीन फांद्यांचे. यांचं आतडं तीन मुख्य शाखांमध्ये विभागलेलं असतं, एक डोक्याकडे जाणारी आणि दोन शेपटीकडे जाणाऱ्या. तोंड डोक्यावर नसून पोटाच्या मध्यावर असतं. तिथून एक नळी बाहेर काढून तो छोट्या जलचरांना आणि मेलेल्या किड्यांना शोषून घेतो.

एक खुलासा इथेच करायला हवा. गोड्या पाण्यातले सगळे चपटे कृमी प्लॅनेरिया नसतात. कॅटेन्युलिडा नावाचा अगदी बारीक कृमींचा एक गट आहे. चपट्या कृमींच्या वंशवृक्षात तो सगळ्यात आधी वेगळा झाला आणि त्यातले बहुतेक सदस्य गोड्या पाण्यातच राहतात. मेसोस्टोमासारखे आणखी काही गट आहेत. म्हणजे खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात येण्याचा उद्योग या संघाने एकदा नाही, अनेकदा केला आहे. या लेखात आपण मुख्यतः प्लॅनेरियांबद्दल बोलणार आहोत, कारण प्रवासाचं कोडं सगळ्यात अवघड त्यांचंच आहे.

प्रवास इतका अवघड का?

गोड्या पाण्यातल्या अनेक छोट्या जीवांनी प्रवासाची सोय करून ठेवलेली असते. डबकं आटलं तरी त्यांची अंडी चिखलात टिकतात. पक्ष्याच्या पायाला चिखल लागला, की अंडी शेजारच्या तळ्यात पोहोचतात. मेसोस्टोमाची टिकाऊ अंडी अशीच कोरड्यातही तग धरतात.

बहुतेक प्लॅनेरियांकडे ही सोय नाही. त्यांची अंडी एका छोट्या गोल कोषात असतात. ड्यूगेशिया नावाच्या प्रजातीत तर हा कोष देठाने दगडाला चिकटवलेला असतो. कोष फुटला की बाहेर येतं ते थेट छोटं प्लॅनेरिया. समुद्रातल्या कित्येक प्राण्यांची पोहणारी अळी दूरवर वाहत जाते, तशी अवस्था इथे नसते.

याला अपवाद आहेत. उत्तर अमेरिकेतल्या हंगामी डबक्यांमध्ये राहणाऱ्या फॅगोकाटाच्या काही जाती पाणी आटायला लागलं की स्वतःचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा कवचात गुंडाळून घेतात. पण हे अपवादच.

त्यामुळे प्लॅनेरियाला एका नदीतून दुसऱ्या नदीत जायचं असेल तर त्या नद्या कधीतरी, कुठेतरी एकमेकींना जोडलेल्या असाव्या लागतात. पुरात पाणी एक झालं, नदीने पात्र बदललं, दोन खोऱ्यांमधली जमीन खचली, असं काहीतरी घडावं लागतं. म्हणजेच आज दोन दूरच्या ठिकाणी सख्खे भाऊबंद सापडत असतील, तर त्या दोन ठिकाणांमध्ये पूर्वी गोड्या पाण्याची वाट होती का, हा पहिला प्रश्न विचारावा लागतो.

समुद्रातून ओढ्यात, ओढ्यातून बागेत

ट्रायक्लॅडिडा गणाची आज तीन मोठी घराणी मानतात. पहिलं समुद्रात राहणाऱ्यांचं. दुसरं लहानसं, त्याला नावच 'गुहेत राहणारे' अशा अर्थाचं मिळालंय. तिसरं सगळ्यात मोठं, गोड्या पाण्यात आणि जमिनीवर राहणाऱ्यांचं.

या तिसऱ्या घराण्याची २००९ मध्ये नव्याने मांडणी झाली, ती डीएनए आणि शरीररचना या दोन्हींचा आधार घेऊन. त्यातून एक गमतीशीर नातं पक्कं झालं. जमिनीवरच्या प्लॅनेरियांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे गोड्या पाण्यातलं ड्यूगेसिडी हे कुटुंब. समुद्रातून एक शाखा गोड्या पाण्यात आली आणि तिच्याच वंशजांपैकी काहींनी पुढे पाणीही सोडलं.

पाणी सोडलेल्या या वंशजांपैकी एक आपल्याकडे पावसाळ्यात बागेत किंवा कुंडीखाली सापडतो. लांबलचक अंग, पाठीवर गडद रेघा आणि हातोड्यासारखं किंवा अर्धचंद्रासारखं पसरट डोकं. 'हा कुठला विचित्र साप?' म्हणून ज्याचे फोटो ग्रुपवर फिरतात, तो बहुतेक वेळा बायपेलियम वर्गातला जमिनीवरचा प्लॅनेरिया असतो. त्यातल्या एका प्रसिद्ध जातीला बायपेलियम केवेन्स हे नाव मिळालं, कारण १८७८ मध्ये तिचं वर्णन लंडनच्या क्यू बागेतल्या काचघरात सापडलेल्या नमुन्यांवरून झालं. तिचं मूळ घर आग्नेय आशियात आहे. क्यूपर्यंतचा प्रवास तिने रोपांच्या मातीतून केला.

जीवाश्मच नाहीत, मग वय कसं काढायचं?

डायनासोरची हाडं सापडतात, शंख-शिंपल्यांचे ठसे सापडतात. प्लॅनेरियाच्या अंगात हाड नाही, कवच नाही. मेल्यावर तो अक्षरशः विरघळून जातो. त्यामुळे चपट्या कृमींचे जीवाश्म फार थोडे. बाल्टिक भागातल्या सुमारे ४ कोटी वर्षं जुन्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या गोठलेल्या डिंकात, एक चपटा कृमी अडकलेला सापडला. त्याचं वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. ब्राझीलमध्ये २७ कोटी वर्षांपूर्वीच्या शार्कच्या दगड झालेल्या विष्ठेत टेपवर्मची अंडी सापडली, तो शोध २०१३ चा. एवढ्यावर प्लॅनेरियांचा पूर्ण इतिहास उभा राहत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ 'रेणवीय घड्याळ' वापरतात. कल्पना सोपी आहे. एका कुटुंबातले दोन भाऊ वेगळे झाले की त्यांच्या पिढ्यांच्या डीएनएमध्ये बदल साठत जातात. जितकी वर्षं जास्त, तितका फरक जास्त. दोन जातींच्या डीएनएमधला फरक मोजला की त्या कधी वेगळ्या झाल्या याचा अंदाज येतो.

पण घड्याळ आधी जुळवून घ्यावं लागतं. अमुक इतका फरक म्हणजे किती वर्षं, हे सांगणारा एक तरी पक्का टप्पा हवा. एरवी जीवाश्म तो टप्पा देतात. प्लॅनेरियांच्या बाबतीत ते काम भूगर्भशास्त्राने केलं.

ईजियन समुद्राने घड्याळ लावून दिलं

ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामध्ये ईजियन समुद्र आहे. आज तिथे शेकडो बेटं दिसतात, पण पूर्वी हा सगळा सलग जमिनीचा पट्टा होता. सुमारे १ कोटी २० लाख ते ९० लाख वर्षांपूर्वी या जमिनीच्या मध्यावर एक खोल भेग पडत गेली आणि तिच्यात समुद्र शिरला. पूर्व आणि पश्चिम बाजू तुटल्या.

जमिनीवरच्या गोगलगायी, सरडे अशा प्राण्यांच्या अभ्यासात ही भेग फार महत्त्वाची मानली जाते. २०१३ मध्ये बार्सिलोना विद्यापीठातल्या मार्ता रियुतोर्त यांच्या गटाने ईजियन परिसरातल्या ड्यूगेशियाच्या जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नद्यांच्या खोऱ्यांचा इतिहास आणि या कृमींच्या जातींचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे, हे त्यात दिसलं. भेगेचं वय भूगर्भशास्त्रज्ञांना माहीत होतं. ते वापरून कृमींचं घड्याळ जुळवता आलं.

म्हणजे ज्या समुद्राने यांची वाट अडवली, त्याच समुद्राने यांचं वय मोजायला मदत केली.

गोंडवन, आफ्रिका आणि भारत

आता मागे, फार मागे जाऊ. एकेकाळी दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका ही सगळी भूमी एकत्र होती. त्या महाखंडाचं नाव गोंडवन. हे नाव आपल्या शेजारचंच आहे. मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून तिथल्या खडकांना गोंडवन हे नाव पडलं आणि पुढे संपूर्ण महाखंडाला तेच मिळालं. चंद्रपूरचा कोळसा ज्या थरांमधून निघतो, ते थर याच गोंडवन खडकांचे.

सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन फुटायला लागलं. भारत आणि मादागास्कर यांची ताटातूट सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी झाली. मग भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला येऊन भिडला.

ड्यूगेसिडी कुटुंबाचे सदस्य आज याच दक्षिणेकडच्या खंडांवर मोठ्या संख्येने दिसतात. अमेरिका खंडांत गिरार्डिया, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये स्पॅथुला, आफ्रिकेपासून दक्षिण युरोप, भारत आणि अतिपूर्वेपर्यंत ड्यूगेशिया. दुसरीकडे प्लॅनॅरिडी आणि डेंड्रोसीलिडी ही कुटुंबं प्रामुख्याने उत्तर गोलार्धातली. नकाशावरची ही वाटणी पाहून प्राणिशास्त्रज्ञ इयान बॉल यांनी १९७० च्या दशकात मांडलं की ड्यूगेसिडी कुटुंब गोंडवन फुटण्याच्या आधीचं असावं. खंड सरकले, त्यांच्यासोबत हे कृमीही गेले. प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे भूपट्ट सरकण्याची कल्पना तेव्हा नुकतीच सर्वमान्य झाली होती आणि डीएनए वाचण्याची सोय नव्हती.

ही सोय आल्यावर बॉल यांचा अंदाज तपासता आला. २०२२ मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून एकट्या ड्यूगेशियाचा जागतिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते ड्यूगेशियाचा उगम ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धात, गोंडवनाच्या आफ्रिका-मादागास्कर भागात झाला. म्हणजे डायनासोर जमिनीवर फिरत होते, तेव्हा यांचे पूर्वज तिथल्या ओढ्यांमध्ये दगडाखाली होते.

पण नुसतं 'खंड सरकले आणि कृमी सोबत गेले' एवढ्याने सगळा नकाशा जुळत नाही, हेही याच अभ्यासात दिसलं. आफ्रिकेतून बाहेर पडण्याचे तीन वेगवेगळे मार्ग मानावे लागतात. थोडक्यात, जमीन दुभंगल्यामुळे काही वंश वेगळे झाले आणि काही प्रसंगी कृमींनी खरोखर प्रवास केला. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात दुर्मीळ योगही पुन्हा पुन्हा येऊ शकतो.

भारतातल्या प्लॅनेरियांचा अभ्यास शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात १९१८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ टोकियो काबुराकी यांनी ब्रह्मदेशातल्या इनले सरोवराच्या परिसरातल्या प्लॅनेरियांचं वर्णन केलं. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश भारताचा भाग होता. पुढे १९६९ मध्ये दुसरे जपानी तज्ज्ञ मासाहारू कावाकात्सू यांनी ड्यूगेशिया इंडिका ही जात नोंदवली. गोंडवनाचा धागा असलेले प्राणी भारताला नवे नाहीत. २००३ मध्ये पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातून जांभळ्या बेडकाचं वर्णन झालं, तेव्हा त्याचे जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर असल्याचं लक्षात आलं. भारत आणि सेशेल्स पूर्वी एकत्र होते, त्याची ती खूण.

प्रयोगशाळेतला सेलिब्रिटी आणि त्याची बेटं

तुकड्यांतून पुन्हा वाढण्याचा अभ्यास जगभरात ज्या जातीवर सगळ्यात जास्त होतो, तिचं नाव श्मिटिया मेडिटेरानिया. १९७५ मध्ये तिचं स्वतंत्र जात म्हणून वर्णन झालं आणि २०१८ मध्ये तिच्या जनुकसंचाचा तपशीलवार आराखडा प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळांमध्ये फिरणारा तिचा एक प्रसिद्ध वाण बार्सिलोनातल्या एका कारंज्यातून आलेला आहे.

नैसर्गिक अवस्थेत मात्र ही जात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. सार्डिनिया, कॉर्सिका, सिसिली, मायोर्का, मेनोर्का ही भूमध्य समुद्रातली बेटं, स्पेनचा कॅटलोनिया किनारा आणि ट्युनिशिया. मध्ये समुद्र आणि चहूबाजूंना तुकडे तुकडे विखुरलेली एकच जात.

इथेही भूगर्भशास्त्र मदतीला येतं. कॉर्सिका आणि सार्डिनिया ही बेटं पूर्वी आजच्या स्पेन-फ्रान्सच्या किनाऱ्याला जोडलेली होती. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी तो तुकडा सुटायला लागला आणि वळत वळत आजच्या जागी आला. २०११ च्या एका अभ्यासात या जातीच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या डीएनएची तुलना झाली. तिच्याकडे एक जुनी, पूर्वी जास्त पसरलेली आणि आता काही बेटांवर तग धरून राहिलेली जात म्हणून पाहता येतं, असा त्याचा सूर आहे.

थंडीत अडकलेला कृमी

सगळीच गोष्ट कोट्यवधी वर्षांची नाही. युरोपात क्रेनोबिया अल्पायना नावाचा प्लॅनेरिया आहे. त्याला थंड पाणीच लागतं. तो आल्प्सपासून ब्रिटनपर्यंत डोंगरातल्या झऱ्यांच्या उगमाशी सापडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन प्राणिशास्त्रज्ञ वाल्टर फॉइग्ट यांनी ओढ्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा त्यांना एक ठरलेला क्रम दिसला. उगमाशी क्रेनोबिया, थोडं खाली पॉलिसेलिस आणि आणखी खाली, पाणी उबदार होतं तिथे ड्यूगेशिया. त्यांचं स्पष्टीकरण असं होतं: हिमयुगात सगळीकडे थंडी होती तेव्हा क्रेनोबिया खालच्या भागातही पसरलेला होता. थंडी ओसरली, पाणी तापलं, उबदार पाण्यातल्या जाती वर सरकल्या आणि क्रेनोबिया उगमापर्यंत ढकलला गेला. प्रत्येक थंड झरा म्हणजे त्याच्यासाठी एक बेट झालं.

१९३२ मध्ये इंग्लंडच्या दोन संशोधकांनी अशाच दोन जातींच्या स्पर्धेवर लिहिलं. एखाद्या ओढ्यात एकच जात असेल तर ती बऱ्याच लांबपर्यंत पसरते. दोन्ही असतील तर तापमानाच्या एका सीमेवर त्या ओढा वाटून घेतात. पुढे पर्यावरणशास्त्रात स्पर्धा शिकवताना हे उदाहरण अनेकदा दिलं गेलं.

२००७ मध्ये क्रेनोबियाच्या डीएनएचा अभ्यास झाला. त्याच्या शाखा बऱ्याच जुन्या आहेत आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या समूहांमध्ये जनुकांची देवाणघेवाण फार कमी आहे, असं त्यातून दिसलं. म्हणजे शेजारच्या दोन डोंगरांमधले क्रेनोबिया दिसायला सारखे असले, तरी त्यांची घरं केव्हाच वेगळी झालेली असू शकतात.

जुनी सरोवरं: तिथल्या तिथे फुललेली कुटुंबं

बाहेर जाता येत नाही, म्हणून आतच विविधता वाढते. याचं उत्तम उदाहरण म्हणजे रशियातलं बैकल सरोवर. जगातलं सगळ्यात खोल सरोवर, सुमारे १६४२ मीटर, आणि वय सुमारे अडीच कोटी वर्षं. इतक्या दीर्घ काळात तिथे प्लॅनेरियांच्या अशा अनेक जाती तयार झाल्या ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यातल्या काही तर प्लॅनेरियाच्या मानाने राक्षसी आकाराच्या आहेत.

उत्तर मॅसिडोनिया आणि अल्बेनिया यांच्या सीमेवरचं ओह्रिड सरोवर वयाने लहान आहे, साधारण १३-१४ लाख वर्षांचं. तिथल्याही बहुतेक प्लॅनेरिया जाती फक्त तिथल्याच. रोमन केंक या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

स्वतःचे दोन तुकडे करणाऱ्यांची वंशावळ कशी काढायची?

प्लॅनेरियांचा इतिहास वाचताना एक अडचण येते, ती त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध गुणामुळे.

अनेक जाती लैंगिक प्रजनन करतात आणि अंडी घालतात. काही जातींचे समूह मात्र सरळ मधून तुटतात. शेपटीच्या बाजूला नवं डोकं येतं, डोक्याच्या बाजूला नवी शेपटी येते आणि एकाचे दोन होतात. यात नवी पिढी एका बीजपेशीपासून सुरूच होत नाही. पेशींचा अख्खा समूह पुढे जातो. प्रत्येक पेशीतले वेगळे बदलही सोबत जातात. २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं की अशा ड्यूगेशियांमध्ये एकाच प्राण्याच्या अंगात एकाच जनुकाच्या बऱ्याच वेगवेगळ्या आवृत्त्या असू शकतात. गोधडीत जसे वेगवेगळ्या कापडांचे तुकडे असतात, तसा हा प्रकार. मग त्यातला कोणता तुकडा पाहून वंशावळ ठरवायची? म्हणून आता संशोधक एका जनुकावर विसंबत नाहीत, अनेक जनुकं एकत्र पाहतात.

आणि सगळेच प्लॅनेरिया तुकड्यांतून पूर्ण वाढतात, हाही गैरसमज आहे. डेंड्रोसीलम लॅक्टियम या दुधट पांढऱ्या जातीचा मागचा भाग कापला तर त्यातून नवं डोकं येत नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी पेशींमधली एक विशिष्ट संदेशयंत्रणा दाबली, तेव्हा त्याला डोकं फुटलं. २०२३ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या गटाने सुमारे ४० जाती जिवंत सांभाळून त्यांची तुलना केली. उत्क्रांतीच्या ओघात पुन्हा वाढण्याची क्षमता वेगवेगळ्या शाखांमध्ये बदलत गेली आहे, हे त्यातून पुढे आलं. हीच संदेशयंत्रणा अंड्यांसाठी लागणाऱ्या पोषणद्रव्याच्या निर्मितीतही भाग घेते. म्हणजे अंडी घालून वंश चालवायचा की अंग तुटलं तरी वाढायचं, यात कुठेतरी सौदा होत असावा.

जखमा भरून येण्याचं विज्ञान समजून घ्यायचं असेल, तर एकाच जातीवर भागत नाही, हा याचा अर्थ. पुन्हा वाढणारे आणि न वाढणारे असे दोघेही लागतात. त्यासाठी ते ज्या झऱ्यांत राहतात, ते झरे टिकायला हवेत.

आता माणूस मध्ये आला

अमेरिका खंडांतला गिरार्डिया टायग्रिना १९२० च्या दशकात युरोपात नोंदवला गेला. मत्स्यालयांसाठी मागवलेल्या पाणवनस्पतींसोबत तो आला असावा, असं मानतात. आज गिरार्डियाच्या जाती युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलियातही सापडतात. जो समुद्र त्यांना स्वतःहून ओलांडता आला नसता, तो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून ओलांडला. एकच कृमी पोहोचला तरी पुरतो, कारण तो तुटून तुटून वाढतो.

जमिनीवरच्या नातेवाइकांचंही तसंच. न्यूझीलंडचा एक प्लॅनेरिया १९६० च्या दशकात उत्तर आयर्लंडमध्ये आढळला. तो गांडुळं खातो, त्यामुळे तिथे शेतजमिनीची काळजी सुरू झाली.

दुसरीकडे मूळ जाती मागे हटत आहेत. वेल्समधल्या ओढ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१० मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं, की थंड पाण्यातला क्रेनोबिया काही ओढ्यांमधून नाहीसा झाला आणि त्यामागे हवामान बदलाचा हात दिसतो. उगमाशी अडकलेल्या प्राण्याला पाणी तापल्यावर आणखी वर सरकायला जागाच नसते.

वाघ किंवा गिधाड नाहीसं झालं तर निदान हाडं, फोटो, गोष्टी मागे राहतात. प्लॅनेरियाचा वंश संपला तर काहीच उरत नाही. त्याचा जीवाश्म होत नाही आणि कोट्यवधी वर्षांची नोंद फक्त जिवंत प्राण्याच्या डीएनएमध्ये असते. झरा आटला, उगमावर सिमेंटची टाकी बांधली किंवा त्यात सांडपाणी सोडलं, की ते पान कायमचं फाटतं. आणि परक्या जाती मिसळल्या, की उरलेली पानं वाचणंही अवघड होतं.

मग आपण काय करायचं?

घरी मत्स्यालय असेल तर एक गोष्ट नक्की करता येते. नव्या वनस्पतींसोबत प्लॅनेरिया टाकीत येणं नेहमीचं आहे. काचेवर पांढरट किंवा तपकिरी, घसरत चालणारे बारीक कृमी दिसले तर बहुधा तेच. त्यांना चिमट्याने कापायला जाऊ नका, संख्या वाढेल. माशांना दिलेलं जास्तीचं खाणं टाकीत साचू दिलं नाही, की ते हळूहळू कमी होतात.

आणि टाकी रिकामी करताना ते पाणी, ती वाळू, त्या वनस्पती जवळच्या ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत ओतू नका. पाणी झाडांच्या कोरड्या मातीत घाला, वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच टाका. कोट्यवधी वर्षं ज्या प्राण्याला दोन थेंब पाण्याची सोबत नसेल तर पुढच्या ओढ्यातही जाता आलं नाही, त्याला तिथे नेऊन सोडायला आपली एक बादली पुरते.